चुपागा पाहुण्याला भेट द्यायचीय? मग आधी दुकानात जाऊ नका

पोलंडच्या दक्षिणेला, तात्रा डोंगरांच्या पायथ्याशी पोदहाले म्हणून भाग आहे, तिथल्या मेंढपाळांची लांब दांड्याची, छोट्या पात्याची नक्षीदार कुऱ्हाड म्हणजे चुपागा. पातं हातात धरून तिची काठी करायची, वेळ पडली तर फांदी तोडायची, आणि सणावाराला तीच घेऊन नाचायचं. आता ती बहुतेक वेळा भिंतीवर नाहीतर व्यासपीठावर दिसते, कारण परदेशी पाहुणा, शिष्टमंडळ, महापौर, राजदूत असं कोणी आलं की "आपल्या मातीतलं काहीतरी देऊ" म्हणून हीच सुचते. स्लोव्हाकियात हिची बहीण वालाश्का, तिचंही तेच.

आपल्याकडच्या लोकांचा याच्याशी संबंध वाटतो त्यापेक्षा जास्त येतो. दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती त्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यामुळे पोलंडशी येणंजाणं आहेच, शिवाय तिकडे शिकणारी नोकरी करणारी मराठी मंडळीही बरीच, आणि कार्यक्रम ठरला की "तू तिथे आहेस ना, मग गिफ्टचं तू बघ" हे ठरलेलं. मग काय होतं, शेवटच्या आठवड्यात पोदहालेतल्या झाकोपाने या पर्यटकांच्या गावी जाऊन सगळ्यात मोठी, सगळ्यात चमकणारी उचलली जाते आणि पुढे एअरपोर्टवर, सिक्युरिटीला किंवा पाहुण्याच्या ऑफिसात ती अडकते. वस्तू वाईट नसते, क्रम उलटा असतो. आधी विचारायचं, मग मोजायचं, मग घ्यायची.

टप्पा 1: घेणाऱ्याच्या ऑफिसला विचारा (खरेदीच्या आधी, नंतर नाही)

पाहुण्याच्या प्रोटोकॉल ऑफिसला किंवा सेक्रेटरीला साधी मेल टाका. त्यात चार गोष्टी हव्यात: वस्तू काय आहे, कशाची बनलेली आहे, साधारण किंमत किती, आणि ती समारंभात हातात देणार की आधी ऑफिसला पोचवणार. सोबत तसल्याच एखाद्या चुपागाचा फोटो. "पारंपरिक भेटवस्तू" एवढंच लिहून मोकळं होऊ नका, कुऱ्हाडीचं पातं असलेली वस्तू आहे हे स्पष्ट लिहा, आत्ता लपवलंत तर दारावर कळणारच आहे आणि तेव्हा तुमच्या पाहुण्यासमोर कळेल.

किंमत का कळवायची तर सरकारी माणसाला कितीपर्यंतची भेट ठेवता येते याला मर्यादा असते. युरोपियन कमिशनच्या सदस्यांना 150 युरोच्या वरची भेट घेता येत नाही, आणि राजनैतिक शिष्टाचार म्हणून घ्यावीच लागली तर जमा करावी लागते. ब्रिटनच्या मंत्र्यांना 140 पौंडाची रेघ आहे. अमेरिकेत ही रक्कम दर 3 वर्षांनी बदलते, 2023 मधे ती 480 डॉलर होती, तेव्हा ताजा आकडा त्यांच्याच ऑफिसकडून घ्या. आपल्याकडे सरकारी पाहुण्याला परदेशात मिळालेली वस्तू परत आल्यावर 30 दिवसांत तोशाखान्यात, म्हणजे सरकारच्या भेटवस्तूंच्या भांडारात, कळवून जमा करायची असते, तिथे तिची किंमत ठरते आणि मग ती त्याच्याकडे राहणार की सरकारकडे हे ठरतं.

म्हणजे महागातली चुपागा दिली की जास्त मान, असं काही नाही. उलट मर्यादेच्या आतली, चांगल्या हातची, साधी चुपागा पाहुण्याच्या घरी जाते आणि महागडी कुठल्यातरी कपाटात नंबर चिकटवून पडते. माझं मत विचाराल तर नेहमी मर्यादेच्या खालीच राहा.

> तपासा: होकार लेखी आलाय का? फोनवरचं "हो हो चालेल" धरू नका, ज्या माणसाने ते म्हटलं तो त्या दिवशी दारावर नसतो.

टप्पा 2: पाहुणा कोण आहे ते बघून प्रकार ठरवा

यात लोक विचारच करत नाहीत. चुपागा ही दिसायला काठी आहे. वयस्कर पाहुण्याला सगळ्यांसमोर काठी हातात दिली की फोटोत ते कसं दिसेल याचा विचार करा, "आता आधार घ्या" असा अर्थ कोणी काढलाच तर तुम्ही काय सांगणार. अशा वेळी भिंतीवर लावायची, फळीवर बसवलेली चुपागा घ्या. तरुण, डोंगरात फिरणारा पाहुणा असेल तर पूर्ण लांबीची, साधारण मीटरभराची, मस्त.

दुसरं म्हणजे छोट्या, हातभर लांबीच्या शोभेच्या चुपागा मिळतात. नेआण सोपी, पण अगदी छोटी घेतलीत तर ती सहलीच्या खरेदीसारखी दिसते. मधली बरी.

टप्पा 3: मापं आधी, मन नंतर

लांबी, पात्याच्या धारेची लांबी, पात्याची रुंदी, वजन. चारही आकडे दुकानातच घ्या, टेप खिशात ठेवा. धारेचं माप यासाठी की बऱ्याच देशांत पात्याच्या लांबीरुंदीवर नियम बदलतात. आणि एकूण लांबी विमानासाठी: पुष्कळ एअरलाइन चेक-इन सामानाची लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर धरतात. मीटरभराची चुपागा 105 बाय 20 बाय 15 च्या खोक्यात बसली तर बेरीज 140, म्हणजे सुटलात. तीच फळीवर बसवून काचेच्या केसमधे घातलीत तर 158 ची रेघ सहज ओलांडते, मग जादा आकाराचे पैसे भरा. केस द्यायचीच असेल तर ज्या गावात कार्यक्रम आहे तिथे बनवून घ्या.

टप्पा 4: खरेदी, म्हणजे मुख्यतः तपासणी

झाकोपानेच्या क्रुपुव्की रस्त्यावर दोन्ही बाजूंनी टपऱ्या आणि दुकानं, चुपागा खच्चून भरलेल्या. त्यातल्या पुष्कळशा पर्यटकांसाठीच असतात, हलक्या लाकडाच्या, वर "झाकोपाने" असं जाळून लिहिलेलं. घरात लावायला ठीक आहे, अधिकृत भेटीला नको. लोककलेच्या दुकानात किंवा सरळ कारागिराकडे जा, आणि कारागिराकडे जाणार असाल तर काही आठवडे आधी, कारण पितळेचं काम उद्यावर होत नाही.

आता हातात घेऊन काय बघायचं ते नीट सांगतो, कारण इथेच चांगली आणि वाईट कळते.

एक, पातं आणि दांड्याचा सांधा. दांडा पात्याच्या भोकातून वर आलेला असतो आणि त्यात पाचर मारलेली असते. वरून बघा, पाचर दिसते का, की नुसता गोंदाचा थर दिसतोय. मग एका हातात दांडा घट्ट धरून दुसऱ्या हाताने पातं हळूच डावीउजवीकडे हलवून बघा. कट्ट असा बारीक आवाज आला किंवा अंगठ्याखाली जरासं जरी सरकलं तर ती परत ठेवा. दुकानात हललेलं पातं हीटरच्या कोरड्या हवेतल्या हॉलमधे आणखी सैल होतं, लाकूड सुकलं की आक्रसतं हे सुताराला सांगायला लागत नाही.

दोन, दांड्याचे रेषे. डोळ्यासमोर धरून नेम धरल्यासारखं टोकापर्यंत बघा. रेषे लांबीला सरळ धावले पाहिजेत. मधेच आडवे बाहेर पडत असतील तर तिथेच तो मोडणार. अ‍ॅश किंवा बीच या झाडांच्या लाकडाचा दांडा चांगला. साल राहिलेली, बारीक भोकं किंवा पिठासारखा भुगा दिसला तर किडीचं लाकूड, कितीही सुंदर असलं तरी नाही घ्यायचं.

तीन, कड्या. बऱ्याच चुपागांच्या पात्याला पितळी कड्या लावलेल्या असतात, हलवली की वाजतात. प्रत्येक कडीचा जोड बोटाने फिरवून बघा, जोड उघडा असेल तर ती कडी प्रवासात निघणार आणि नेमकी नक्षीवर चरे पाडणार.

चार, खालची शेंबी. टोकाला लोखंडी खिळा असेल तर त्यावर रबरी टोपी बसते का बघा. पाहुण्याच्या ऑफिसातली लाकडी फरशी तुमच्यामुळे खरवडली गेली असं नको.

पाच, नक्षी, आणि इथे आपल्या लोकांचा हमखास घोळ होतो. सहा पाकळ्यांचं फूल, एडेलवाइस नावाचं डोंगरी फूल, पाझेनित्सा म्हणजे तिथल्या पुरुषांच्या लोकरी विजारीवरची बदामाच्या आकाराची नक्षी, हे सगळं निर्धास्त घ्या. पण जुन्या पोदहाले कामात, आणि जुन्याची नक्कल केलेल्या नव्या कामातही, कधीकधी स्वस्तिक असतं. तिकडची ती जुनी लोकखूण आहे, 1909 मधे हिमकड्याखाली गेलेल्या संगीतकार कार्वोविच यांच्या तात्रातल्या स्मृतिशिळेवरही ती कोरलेली आहे. आपल्या डोळ्याला ते दिसतच नाही, दिसलं तर शुभच वाटतं. युरोपातल्या पाहुण्याला द्यायची, आणि फोटो छापून येणार, तर दांड्याची चारही बाजू फिरवून बघा आणि ती खूण असलेली चुपागा सोडून द्या. समजावून सांगू वगैरे नको, फोटोखाली स्पष्टीकरण कोणी वाचत नाही.

> सावध: दांड्यात लपवलेलं पातं किंवा सुरा असलेली काठी कोणी दाखवली तर लांब राहा. पोलंडच्या कायद्यात साध्या वस्तूत लपवलेलं पातं हे शस्त्र धरतात, ब्रिटनमधेही तलवारकाठीवर बंदी आहे.

> सावध: "शंभर वर्षं जुनी" म्हणून विकली जाणारी घेऊ नका. खरी असेल तर जुन्या वस्तू पोलंडबाहेर न्यायला वयाप्रमाणे आणि किमतीप्रमाणे परवानगी लागू शकते. खोटी असेल तर तुम्ही पाहुण्याला खोटी वस्तू दिलीत. नवीच घ्या, बिल घ्या.

मुठीला किंवा जडावाला शिंग, हाड असं काही असेल तर कुठल्या प्राण्याचं ते बिलावर लिहून घ्या, आणि सांगता येत नसेल तर तीही नको. नुसतं लाकूड, लोखंड, पितळ, चामडं, बस.

टप्पा 5: धार मारा

म्हणजे काढून टाका! शोभेच्या चुपागा बहुतेक बोथटच असतात पण कारागिराकडची कधी खरोखर धारेची येते. कारागिरालाच सांगा बोथट करून दे म्हणून, तो कानशीने धार सपाट करून कड गोल करेल. घरी ग्राइंडर लावू नका, पातं तापून रंग बदलतं आणि शेजारची पितळी नक्षी ढिली पडते. कागदाची पट्टी धरून पात्यावरून ओढा, कापली नाही म्हणजे झालं. तरीही चामड्याचं टोपण शिवून घ्या.

टप्पा 6: नाव कोरणं

पात्यावर कोरू नका, दांड्यावर तर नकोच. नक्षी कारागिराने जागा मोजून भरलेली असते, त्यात तुमच्या संस्थेचा लोगो घुसवला की दोन्ही वाया. छोटी पितळी पट्टी करा आणि ती खोक्याच्या झाकणावर आतून किंवा स्टँडवर लावा.

मजकूर कमी ठेवा: कोणाकडून, कोणाला, गाव, तारीख. तारखेत महिना अक्षरात लिहा, कारण 04/07 म्हणजे अमेरिकन माणसाला एप्रिल आणि बाकीच्यांना जुलै. पोलिश नावांत अक्षरांना शेपट्या, तिरक्या रेघा असतात, त्या गाळल्या तर नावच चुकतं, तेव्हा नाव त्या माणसाच्या ऑफिसच्या मेलवरून कॉपी करा, ऐकून लिहू नका.

देवनागरी ओळ टाकायची असेल तर अजून एक कटकट. कोरणाऱ्याच्या मशीनला देवनागरी फॉन्ट बहुधा कळत नाही, जोडाक्षरं फुटतात, र्‍हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, आणि तिकडच्या माणसाला त्यातलं काही कळणार नसल्याने तो तसंच कोरून देतो. म्हणून मजकूर टाइप करून पाठवू नका, अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्ट न लागणारे नुसते आकार करून, पीडीएफ पाठवा आणि कोरण्याआधी नमुन्याचा फोटो मागवा. मराठी वाचणाऱ्या दोघांना दाखवा, एकाला नाही.

टप्पा 7: साफसफाई, थोडीच

नवी चुपागा फार साफ करायची नसते. पितळेला मऊ सुती फडकं पुरतं. पितळ चमकवायचं लिक्विड नक्षीवर ओतू नका, ते खाचांत जाऊन वाळतं आणि पांढरी पूड होऊन बसते, लाकडात गेली की निघत नाही. लागलंच तर कानातली कापसाची काडी घेऊन फक्त धातूवर.

दांडा कोरडा दिसत असेल तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या आणि आठवडाभर तरी वाळू द्या. आदल्या रात्री तेल लावून सकाळी पाहुण्याच्या हातात दिलीत तर पाहुण्याच्या शर्टाच्या बाहीला लागतं. वॉर्निश नको, जाळून केलेली नक्षी त्याखाली प्लास्टिकसारखी चकाकते.

> सावध, हे खरंच महत्त्वाचं: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कचऱ्यात किंवा पिशवीत टाकू नका. ते वाळताना स्वतःच तापतं आणि पेट घेऊ शकतं. पसरून बाहेर वाळत घाला किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

यानंतर हात लावायचा तर सुती हातमोजे, कारण घामाच्या बोटांचे ठसे पितळेवर दोन दिवसांनी काळे उमटतात आणि नेमके फोटोत येतात.

टप्पा 8: पॅकिंग

कड्या आधी बांधा. मऊ कापडाची पट्टी प्रत्येक कडीत ओवून पात्याला सैलसर गुंडाळा, म्हणजे वाजणार नाही आणि घासणार नाही. मग पात्याला टोपण, त्यावर आम्लविरहित टिश्यू पेपर. बबल रॅप सरळ धातूला लावू नका, गरमीत त्याचे गोल गोल डाग पितळेवर उठतात. तो बाहेरच्या थराला. पातं आणि शेंबी, दोन्ही टोकांना फोम, आणि मधे दांड्याला दोन ठिकाणी आधार, म्हणजे खोकं आदळलं तरी दांडा वाकत नाही.

कुरियरने पाठवणार असाल तर ओळखीच्या सुताराकडून पाइनची पेटी करून घ्यायचा मोह आवरा. 6 मिलिमीटरपेक्षा जाड कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे उष्णता देऊन शिक्का मारून घ्यावा लागतो, लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश, 30 मिनिटं. शिक्का नसेल तर पेटी अडते, आणि पेटीबरोबर आतली चुपागाही. प्लायवूडला हा नियम लागत नाही. साधा जाड पुठ्ठा सगळ्यात बरा.

> तपासा: खोकं बंद करून कानाशी धरून हलवा. काही वाजलं तर उघडा आणि पुन्हा भरा.

टप्पा 9: प्रवास आणि कागद

केबिनमधे न्यायची नाही. बोथट असो, छोटी असो, पंतप्रधानांसाठी असो. युरोपातल्या एअरपोर्टवर कुऱ्हाड प्रकारची कुठलीही वस्तू केबिनमधे चालत नाही, 6 सेंटिमीटरपेक्षा लांब पातंही नाही, आणि स्कॅनरवरच्या माणसाला ती चुपागा आहे की काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. चेक-इन करा, एअरलाइनला आधी कळवा.

"दूतावासाच्या डिप्लोमॅटिक बॅगेतून पाठवू" ही आयडिया कोणीतरी काढतंच. 1961 च्या व्हिएन्ना करारात त्या बॅगेत फक्त राजनैतिक कागदपत्रं आणि कार्यालयीन वापराच्या वस्तू असं लिहिलंय. दूतावासातल्या माणसाला तुमच्या भेटवस्तूसाठी अडचणीत टाकू नका.

सोबत पाकिटात: बिल, चार मापं, साहित्याची यादी, दोन फोटो, देणाऱ्या संस्थेचं पत्र आणि टप्पा 1 मधला लेखी होकार. वर्णन खरं पण पूर्ण लिहा, "बोथट धातूचं पातं असलेली शोभेची काठी, लोककला, लाकूड आणि पितळ". नुसतं "कुऱ्हाड" लिहिलंत तर शस्त्र वाटतं, नुसतं "काठी" लिहिलंत तर लपवल्यासारखं वाटतं. कस्टमला किंमत जाहीर करा, अधिकृत भेट आहे म्हणून ड्युटी आपोआप माफ होत नसते. ऑस्ट्रेलियासारख्या देशात लाकडी वस्तू फॉर्मवर दाखवावीच लागते, किडीची भोकं किंवा साल नको हे मगाशी सांगितलं ते यासाठीही.

टप्पा 10: प्रत्यक्ष देणं

वस्तू आदल्या दिवशी किंवा निदान दोन तास आधी सिक्युरिटीकडे तपासायला द्या आणि ती हॉलमधे त्यांच्याच माणसाने नेऊ दे. तुम्ही हातात कुऱ्हाड घेऊन रांगेत उभं राहायचं नाही. स्टेजवर ती टेबलावर, उघड्या खोक्यात, मखमलीवर ठेवलेली असावी.

देताना आडवी, दोन्ही तळव्यांवर. धार खाली, शेंबीचं टोक पाहुण्याकडे किंवा प्रेक्षकांकडे रोखलेलं नको. पाहुणा ती उभी करून टेकेलच, सगळेच करतात, म्हणून आधी त्याच्या माणसाला दाखवून ठेवा: तळवा पात्याच्या वरच्या सपाट बाजूवर, बोटं धारेपासून लांब. नाचात फिरवतात तशी फिरवून दाखवायची हौस पाहुण्याला आली तर हसून थांबवा, माइक आणि दिवे जवळ असतात.

पोलंडमधे धारेची वस्तू भेट दिली की मैत्री तुटते असं मानणारे लोक आहेत आणि त्यावर उपाय म्हणजे घेणाऱ्याने एखादं ग्रोश नाणं परत द्यायचं, म्हणजे भेट नाही, विकत घेतली. पोलिश यजमान असतील तर हे नाणं खिशात ठेवा आणि पाहुण्याच्या हातात आधीच सरकवा. पैशाला महत्त्व नाही पण हॉलमधे हशा पिकतो आणि फोटो छान येतो.

भाषणात दोन वाक्यं पुरे: ही कोणाची वस्तू, कोणी बनवली. कारागिराची परवानगी असेल तर त्याचं नाव घ्या, तो हॉलमधे असेल तर उभं करा.

टप्पा 11: दिल्यानंतर

खोक्यात एक कार्ड ठेवा, घेणाऱ्याच्या भाषेत: हीटर, रेडिएटर, उन्हापासून लांब लावा, वर्षातून एकदा पातं हलतंय का बघा, पितळ कोरड्या फडक्याने पुसा, भिंतीवर लावताना दोन आधार द्या आणि वजन पात्याच्या बाजूला जास्त आहे हे लक्षात ठेवा. बिलाची आणि किंमतीच्या पत्राची कॉपी त्याच दिवशी पाहुण्याच्या ऑफिसला मेल करा, नोंद करायला त्यांना ती लागतेच, आणि नाही पाठवलीत तर दोन आठवड्यांनी तुम्ही बिल शोधत बसाल.